वाचलेले हात

दिवाळी सरली की कोल्हारच्या चौकातून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. अहिल्यानगर–मनमाड रस्ता इथेच प्रवरा ओलांडतो, आणि इथूनच एक फाटा लोणीला, दुसरा बेलापूर–श्रीरामपूरकडे जातो. जाणत्या माणसाला नुसती ट्रॉली पाहून ऊस कोणी तोडला ते सांगता येते. मोळ्या बांधून रचलेला लांब ऊस माणसाच्या कोयत्याचा. जाळीच्या ट्रॉलीत ओतलेली वीतभर लांबीची टिपरी हार्वेस्टरची. अशा टिपऱ्यांच्या ट्रॉल्या आता वाटेवर नवलाईच्या राहिलेल्या नाहीत.

कमी हातांत जास्त काम निघू लागले की गावाचे भले होते की गावातला रोजगार जातो? याचे उत्तर शोधायला मँचेस्टरपर्यंत जायची गरज नाही. प्रवरेच्या दोन्ही काठांवर शंभर वर्षांत हे चार-पाच वेळा घडून गेले आहे, आणि दर वेळी निकाल वेगळा लागला आहे.

पहिली वेळ पाण्याची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ज्या जमिनीत बाजरी पिकली तर पिकली, तिथे बारमाही ऊस उभा राहू लागला. एकरी उत्पन्नात एवढी मोठी झेप या भागाने त्याआधी पाहिली नव्हती. पण त्या झेपेचा पैसा कोणाकडे गेला? १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि कालव्याच्या कडेचे बागायतदार कर्जात रुतले. हरेगावला बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या, त्यावर ऊस पिकवला, साखरही काढली, आणि जमिनीचा धनी ठरीव खंडावर राहिला. अशा धन्यासाठीचा ‘खंडकरी’ हा शब्द या पट्ट्यात आजही दुखऱ्या आठवणीसारखा उच्चारला जातो. जमिनी परत मिळवायला त्या घरांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, मुंबई सरकारातून वैकुंठभाई मेहतांनी पाठबळ दिले, आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. गाडगीळ हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ सालचा. आपल्या विद्येची परीक्षा त्यांनी लोणीच्या माळावर देऊन पाहिली. पाणी तेच, ऊस तोच, माती तीच. बदलली ती मालकी. साखरेतला नफा सभासदाच्या भावात आला, आणि त्यातूनच शाळा, दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. वाढीव उत्पन्न गावात थांबले की त्यातून शिक्षकाची, परिचारिकेची, मेकॅनिकची, हॉटेलवाल्याची नोकरी तयार होते. कोल्हारच्या चौकातली दुकाने मोजली तरी ते कळते.

इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. यंत्राने माणूस वाचला म्हणजे काम गेलेच असे नाही. त्या मालाला मागणी किती वाढते यावर ते ठरते. दुधाचे उदाहरण घ्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली, संकरित गाय घरोघर पोचली. गावरान गाय देई त्याच्या कितीतरी पट दूध एका गोठ्यात निघू लागले. तरीही गोठे ओस पडले नाहीत, उलट वाढले, कारण शहरे दूध पीतच राहिली. मुरघास, पशुखाद्य, संकलन केंद्र, शीतकरण, टँकर अशी कामांची साखळी लागली. दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार अनेक घरांत बाईच्या कष्टाचा असतो, आणि ऊस कारखान्याला जाईपर्यंत किराणा त्यावरच चालतो.

खुरपणीचे मात्र उलटे झाले. तणनाशकाचा एक फवारा दहा बायांची दिवसभराची खुरपणी उरकतो, आणि शेतात तण कमी झाले म्हणून खुरपणीची मागणी काही वाढत नाही. मोट गेली तेव्हा मोटकऱ्याचे, मळणीचा हडंबा आला तेव्हा खळ्यावरच्या गड्यांचे असेच झाले. ट्रॅक्टरने सालगडी जवळजवळ संपवला. मला त्याची हळहळ वाटत नाही. पाडव्याला वर्षभरासाठी बांधला जाणारा माणूस मोकळा झाला हे चांगलेच झाले. प्रश्न मोकळ्या झालेल्या माणसाला पुढची पायरी मिळाली का, एवढाच आहे.

सेंट लुशिया बेटावर जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली लिहिले की गरीब देशांत शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे असतात. ती कारखान्यांकडे सरकली की देश वर येतो. कोरिया, तैवान, नंतर चीन याच वाटेने गेले. आपल्याकडे ती वाट अर्ध्यावर अडली. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा आता सुमारे १८ टक्के, पण कामाला असलेल्यांपैकी ४६ टक्के माणसे २०२३-२४ मध्येही शेतीवरच होती. २०१८-१९ मध्ये हा आकडा ४२.५ होता. म्हणजे करोनात माणसे शेतीकडे परतली आणि त्यातली बरीच तिथेच राहिली. मुंबईच्या गिरण्यांतून १९८२ च्या संपानंतर बाहेर पडलेल्या कामगारांचेही हेच झाले होते. जुनी जागा गेली आणि तेवढ्या दर्जाची नवी तयार नव्हती.

महाराष्ट्राने दुसऱ्या टोकाचा, म्हणजे हातांना काम पण त्यातून उत्पन्नात भर नाही याचा, अनुभवही घेतला आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि त्याने माणसे जगवली. पण फोडलेली खडी नुसती ढिगाऱ्यात पडली तर संसार वर येत नाही. ज्या गावांत त्याच मजुरीतून पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती झाली, तिथे विहिरींना पाणी आले आणि पुढच्या वर्षी शेतातच काम निघाले.

आता पुन्हा उसाच्या फडाकडे येऊ. पाथर्डी, शेवगाव, बीडकडून येणारे नवरा-बायकोचे जोडपे हिशोबात ‘एक कोयता’ असते. मुकादमाकडून उचल घेतलेली, पाचटाच्या कोपीत सहा महिने बिऱ्हाड, पहाटे फड, रात्री गाडी भरणे, उसाचे वाढे विकून वरखर्च. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. न्याय्यच होती ती. पण मजूर मिळत नाही आणि दर वाढले, की कारखाना हार्वेस्टरकडे वळणारच. वळावे. कंबर मोडणारे हे काम यंत्राने करावे असे मलाही वाटते.

मात्र प्रवरेच्या सहकाराची एक उणीव इथे उघडी पडते. समृद्धी बांधापाशी थांबली. ज्याच्याकडे सात-बारा तो सभासद झाला. ज्याच्या हातात कोयता होता तो सत्तर वर्षे पाहुणाच राहिला. त्याची मुले हंगामात शाळा सोडून कोपीवर आली, आणि शिक्षण नाही म्हणून तीही पुढे कोयताच धरू लागली. पाथर्डी आणि शेवगाव तर आपल्याच जिल्ह्यातले तालुके आहेत.

ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचे शासनाने ठरवले आहे. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाच्या टनालाही ते लागू राहिले पाहिजेत, आणि तो पैसा तोडकऱ्यांच्या गावात दिसला पाहिजे: मुलींच्या वसतिगृहांत, पाझर तलावांत, हार्वेस्टर चालवायच्या आणि दुरुस्तीच्या प्रशिक्षणात, तोडकऱ्यांच्या गटाच्याच मालकीच्या यंत्राला लागणाऱ्या भांडवलात. १९५० साली कर्जबाजारी शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करता आले, तर कोयतेवाल्याला हार्वेस्टरचा मालक करणे अशक्य नाही. प्रवराकाठच्या सभासदांनो, कारखान्याच्या पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर हा विषयही मांडा.