विकिपीडियावरील मतभेद व परस्पर आदर

२००१ मध्ये सुरू झालेला विकिपीडिया हा प्रामुख्याने हौशी, विनावेतन संपादकांच्या श्रमांवर उभा आहे. अपरिचित व्यक्ती एकाच लेखावर काम करीत असल्याने मतभेद अटळ ठरतात. परंतु मजकुरावरील आक्षेप व्यक्तीवर वळला, की संघर्षास प्रारंभ होतो. यास्तव इतरांचा सद्हेतू गृहीत धरावा व वैयक्तिक हल्ले टाळावेत, असे संकेत तेथे रूढ झाले. इंग्रजी आवृत्तीत २४ तासांत एकाच लेखातील इतरांचे बदल तीनपेक्षा अधिक वेळा उलटविणाऱ्यावर बंदी येऊ शकते. त्याचे म्हणणे बरोबर असले, तरी सामान्यतः सूट मिळत नाही. कारण हा नियम मताचा नव्हे, तर वर्तनाचा विचार करतो. सारांश, आदर म्हणजे सहमती नव्हे. प्रतिपक्षास बोलण्याचा अवकाश देणे होय. तो नाकारल्यास वाद जिंकता येतो, पण सहकारी गमवावा लागतो.