कोणाच्या वाट्याला कोणतं काम

मिरचीचा हंगाम सुरू झाला की धर्माबादच्या हवेत ठसका भरतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेलं हे तालुक्याचं गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेमुळे ओळखलं जातं. इथं मिरची उतरते, निवडली जाते, कांडली जाते आणि पुड्यांत भरून बाहेर जाते. आवारात ढिगाभोवती बायका बसलेल्या असतात. तोंडाला फडकं, हाताला तेल. एकेका मिरचीचा देठ खुडायचा, फटकी बाजूला टाकायची. मजुरी मिळते ती खुडलेल्या किलोवर. संध्याकाळी हात कितीही धुतले तरी आग जात नाही, म्हणून लेकराला जवळ घेण्याआधी आई हाताला पदर गुंडाळते.

त्याच आवारात गादी असते, वही असते, काटा असतो आणि पोती वाहणाऱ्या पाठी असतात. गादीवर कोण बसतं, वही कोण लिहितं, काट्यापाशी कोण उभं राहतं, पोतं कोण उचलतं आणि देठ कोण खुडतं, हे कुठंही लिहिलेलं नाही. तरीही ते पिढ्यान्‌पिढ्या फारसं बदलत नाही. देठ खुडायला येणाऱ्या बायका ज्यांच्याकडे जमीन नाही अशा घरांतल्या असतात, आणि मराठवाड्यात जमीन कोणाकडे नाही हे विचारलं की उत्तर जातीपाशीच येऊन थांबतं.

कामाच्या ठिकाणचा भेदभाव म्हटला की आपण आरक्षण, बिंदुनामावली, अनुशेष आणि पदोन्नती यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण सरकारी नोकरी हा रोजगाराचा लहानसा तुकडा आहे. मोंढा, गिरणी, वीटभट्टी, उसाचा फड, कापडाचं दुकान, खासगी शाळा, कंत्राटदाराची टोळी या जागी बहुसंख्य माणसं राबतात आणि तिथं नेमणुकीचा कागदच नसतो. जिथं कागद नाही तिथं कोणाला डावललं, हे दाखवायचं कसं? आपला कायदा आणि आपली चर्चा या दाराशी येऊन थबकली आहे. मला या लेखात तेच मांडायचं आहे.

हा प्रश्न जुना आहे. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग धर्माबादवरून जातो. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास तो झाला. या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचं प्रतिपादन पुढं फार गाजलं. त्या भाषणातला दुसरा भाग मात्र क्वचितच आठवला जातो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, असं त्यांनी दाखवून दिलं. हमालाचं, पोर्टरचं कामसुद्धा त्याला मिळत नाही. कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो आणि सवर्ण स्टेशनमास्तराच्या घरात अस्पृश्याचा हात चालत नाही. नियमात जातीचं नावही नव्हतं. घरकाम करून घेण्याची एक साधी वहिवाट होती, आणि तिनं एका अख्ख्या समाजासाठी बढतीची वाट बंद केली.

मुंबईच्या गिरण्यांतही हेच होतं. साचाखात्यात पगार चांगला, पण तिथं अस्पृश्याला प्रवेश नाही. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपण कसा वापरायचा, असं इतर कामगार म्हणत. लक्षात घ्या, हे मालक म्हणत नव्हता, शेजारी उभा राहणारा कामगार म्हणत होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो नाखुशीनं मागण्यांत घेतला. कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना हे पान आपण भरभर उलटतो, याचं मला वाईट वाटतं. बाबासाहेबांनी स्वतः हे भोगलं होतं. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत आणि कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. परदेशी विद्यापीठांतलं शिक्षण तिथं उपयोगी पडलं नाही.

निजामाच्या मुलखात वेगळं काय होतं? वेठ होती आणि कर्जापोटी राबणं होतं. सीमेपलीकडे तेलंगणात अशा गड्याला ‘भगेला’ म्हणत. ही प्रथा आवरण्यासाठी निजाम सरकारला १९३६ मध्ये नियम करावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, १९७६ ला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. पण पाडव्याला सालगडी ठरवायचा, आगाऊ पैसे द्यायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत ते फिटले की नाही हे मालकानंच सांगायचं, ही रीत मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. आज त्याच पैशाला ऊसतोडीत ‘उचल’ म्हणतात आणि हिशेब मुकादमाकडे असतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पाळीत खाडा झाला तर दंड भरावा लागतो, म्हणून बाई पिशवीच काढून टाकते. भेदभावाची याहून उघडी खूण मला माहीत नाही.

शिकून गावकीतून सुटू पाहणाऱ्याचं काय झालं, हे नांदेड जिल्ह्यानं १९७८ मध्ये पाहिलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारण्यात आलं. वरवर वाद नावाचा होता. आतून राग होता तो दलित पोरं कॉलेजात जाऊ लागली, मेलेलं ढोर ओढायला आणि गावाची कामं करायला नकार देऊ लागली याचा. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

आता खासगी नोकरीकडे येऊ. धर्माबाद, बिलोली, देगलूर या पट्ट्यात ‘वार’नं संपणारी आडनावं भरपूर आहेत. तेलुगू वळणाची ही आडनावं बऱ्याच जातींत आढळतात, त्यामुळे नुसत्या आडनावावरून जात लागत नाही. मग पुढचे प्रश्न येतात. गाव कोणतं? पाहुणे कुठले? कोणत्या गल्लीत राहता? आणि शेवटी हळूच, ‘तुम्ही कोणापैकी?’ दुकानात पोरगा ठेवताना, भाड्यानं खोली देताना, खासगी शाळेत शिक्षक घेताना ही विचारपूस सहज होते. विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. उत्तर देणारा मात्र पहिल्याच प्रश्नाला ओळखतो की गाडी कुठं चालली आहे.

शहरातल्या मोठ्या कंपन्या यातून सुटलेल्या आहेत, असा समज आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत तो तपासला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सवर्ण नावाच्या उमेदवाराला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाच्या उमेदवाराची ०.६७ आणि मुस्लिम नावाच्या उमेदवाराची ०.३३ भरली. उमेदवार समोर आला नव्हता, तो बोलला नव्हता, त्याच्या हाताचं काम कोणी पाहिलं नव्हतं. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं, की गुणवत्तेचा जप करणारी हीच मंडळी मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ अगत्यानं विचारतात. वडील काय करतात, या प्रश्नाला देठ खुडणाऱ्या बाईच्या पोरानं काय सांगायचं?

अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या वळणाच्या नावांवर असाच प्रयोग झाला होता. २००४ मध्ये छापल्या गेलेल्या त्या अभ्यासात गोऱ्या वळणाच्या नावांना सुमारे निम्म्यानं जास्त बोलावणी आली. वंश आणि जात यांची ही सोयरीक मराठी माणसानं फार आधी ओळखली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीतून काळ्यांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन. पुढं आपली मुलं तिकडे नोकरीला गेली आणि सोबत जातही गेली. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं सिस्को कंपनीवर जातीय भेदभावाचा दावा लावला. दोन अभियंत्यांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला, त्यामुळे त्या प्रकरणावरून कोणाला दोषी ठरवणं बरोबर नाही. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटलच्या नगर परिषदेनं कामाच्या जागी जातीवरून भेद करण्यावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, ते मात्र राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा हाताशी आहेत. पण व्यवहारात हे कायदे चालतात ते बहुधा शिवीगाळ, मारहाण, उघड अपमान असेल तेव्हाच. अर्ज बाजूला ठेवला, बढती दिली नाही, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला आणि वर कोणी काही बोललंच नाही, तर फिर्याद कशाची द्यायची? बाईला कामाच्या जागी त्रास झाला तर २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती आहे. जातीसाठी खासगी आस्थापनेत तशी समिती नाही. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते पुढं सरकलं नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मृत्यू झाला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप वरिष्ठ सहकाऱ्यांवर ठेवला गेला. खटल्याचं न्यायालय पाहील. पण जिवंतपणी दाद मागायला विश्वासाची एखादी जागा असायला हवी होती, हे कोणत्याही निकालाची वाट न पाहता म्हणता येतं.

सरकारी दारातही सगळं आलबेल नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटाराच्या सफाईसाठी माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि २०२३ मध्ये ३० लाख केली. रक्कम वाढली, उतरणाऱ्याची जात बदलली नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीवर घरं उभी राहिली आहेत, ती सवलत काढा असं मी म्हणणार नाही. मात्र शिकलेल्या वारसाच्याही हातात झाडूच यावा, हे पटत नाही. वारसाहक्क नोकरीचा असावा, झाडूचा नसावा. तुरुंगांत तर कामाची वाटणी नियमावलीतच जातीवर लिहिलेली होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ती उघडकीला आणली आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी.

धर्माबादला सीमेचं आणखी एक दुखणं आहे. सर्वोच्च न्यायालयानं १ ऑगस्ट २०२४ ला अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली. तेलंगणानं ते १४ एप्रिल २०२५ पासून लागू केलं, सीमेच्या अलीकडे महाराष्ट्रात मातंग समाज त्यासाठी आग्रही आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरसंबंध असलेल्या माणसांचे नोकरीतले हिस्से आता वेगवेगळ्या हिशेबानं ठरतात. मन्नेरवारलू या अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची पडताळणी या भागात वर्षानुवर्षे गाजते आहे. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांबाबतच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून गावोगाव ताण आहे. थोड्या जागांसाठी सगळे एकमेकांसमोर उभे राहिले, आणि ज्या मोठ्या आवारात जागा मोजल्याच जात नाहीत तिकडे पाहायला कोणाला सवड उरली नाही.

त्या आवारापर्यंत पोहोचणारा एक कायदा महाराष्ट्राकडे १९६९ पासून आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला माथाडी कायदा. त्याच्या अनुसूचीत बाजारातलं चढवणं, उतरवणं, तोलणं तर आहेच, शिवाय निवडणं आणि साफ करणंही आहे. मंडळात नोंद झाली की मजुरी मंडळामार्फत मिळते, भविष्य निर्वाह निधी लागतो, कामाला नाव मिळतं. हमालांच्या संघटनांनी झगडून आपल्या नोंदी करून घेतल्या. देठ खुडणाऱ्या बाईचं काम निवडण्यात आणि साफ करण्यात मोडत नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? बाजार समितीच्या आवारातल्या या बायकांची यादी करायला नवा कायदा लागत नाही. सहायक कामगार आयुक्त, बाजार समितीचे सचिव आणि हमाल संघटना यांनी येत्या हंगामाआधी एकत्र बसावं. यादीत नाव, गाव आणि रोजचे किलो लिहावेत, आणि मजुरीचा दर आवाराच्या फलकावर लावावा.