भुंग्याचे पाय किती ठेवायचे?

सातोशी कामिया या जपानी ओरिगामीकाराचा ‘र्‍यूजिन’ हा ड्रॅगन एकाच चौकोनी कागदातून घडतो. कात्री नाही, गोंद नाही. खवले, मिशा, शिंगं, नख्या, सगळं त्या एका कागदातूनच निघतं. मुरलेल्या हातांनाही त्यासाठी दिवसच्या दिवस लागतात. पाहणारा आधी थक्क होतो आणि मग म्हणतो, ‘हे काही आपलं काम नाही.’

ओरिगामीच्या जगात काही मंडळींचं काम इथूनच सुरू होतं. अवघड मॉडेलची सोपी आवृत्ती तयार करणं हे ते काम. वरवर पाहता ते दुय्यम वाटतं: शंभर पायऱ्यांतल्या सत्तर गाळल्या की झालं! पण ओरिगामीत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. मधली एक काढली तर पुढची घडी पडतच नाही. त्यामुळे सोपं करायचं तर कागदाचा जमाखर्च पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि त्यामागे चोख भूमिती आहे.

एखादा कीटक घडवायचा म्हणजे कागदातून पाय, शिंग, मिशा अशी लांब टोकं काढायची. कागदावर टोकाची जागा ठरली की त्या बिंदूभोवती, टोकाच्या लांबीएवढ्या त्रिज्येच्या वर्तुळातला सगळा कागद त्या टोकात जातो. मिटलेल्या छत्रीचं कापड जसं दांडीभोवती गोळा होतं, तसा तो जमा होतो. ही वर्तुळं एकमेकांवर चढून चालत नाहीत, कारण तोच कागद दोन टोकांना देता येत नाही. म्हणजे ‘या प्राण्याला किती टोकं?’ हा प्रश्न ‘या चौकोनात किती वर्तुळं मावतील?’ असा होतो. १९९०च्या दशकात जपानमध्ये तोशियुकी मेगुरो आणि अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लँग यांनी ही पद्धत विकसित केली. लँग यांनी तर त्यासाठी ‘ट्रीमेकर’ नावाचा संगणक प्रोग्रॅमही लिहिला.

आता १५ सेंटिमीटर बाजूचा कागद घ्या. करकोच्याचा जो प्रसिद्ध पाया आहे, ज्याला ‘बर्ड बेस’ म्हणतात, त्यात चार टोकं चार कोपऱ्यांतून निघतात. प्रत्येकाची लांबी ७.५ सेंटिमीटर. मधोमध उरलेल्या कागदातून ३.१ सेंटिमीटरचं एक छोटं शिखर निघतं. बर्ड बेस घडवून पट्टीने मोजलंत, तर हेच आकडे येतील.

याच कागदातून नारळाच्या बागांत धुमाकूळ घालणारा गेंड्या भुंगा करायचा आहे. सहा पाय, दोन मिशा, एक शिंग, अशी नऊ टोकं झाली. ती सारख्या लांबीची धरली, तर वर्तुळं बसवण्याची सर्वांत फायद्याची रचना अशी: चार कोपऱ्यांत, चार कडांच्या मध्यावर आणि एक मधोमध. प्रत्येकाची लांबी भरते ३.७५ सेंटिमीटर, म्हणजे बर्ड बेसच्या बरोबर निम्मी. शिवाय कोपऱ्यातल्या टोकाला पाव वर्तुळ पुरतं, कडेवरच्याला अर्धं लागतं, मधल्याला पूर्ण. लांबी तीच, पण मधलं टोक कोपऱ्यातल्यापेक्षा चौपट कागद गिळतं आणि तेवढंच जाडही होतं. अवघड मॉडेलसाठी मोठे आणि पातळ कागद का लागतात, ते यावरून कळतं.

सोपी आवृत्ती करणारा इथे कात्री चालवतो, पण कागदावर नव्हे, यादीवर. भुंगा ओळखू येतो तो शिंगावरून आणि फुगीर पाठीवरून. मिशा वगळल्या तर कुणी विचारणार नाही. पाय वरून जेमतेम दिसतात, त्यांतले चार गेले तरी चालतील. मग एक कोपरा शिंगाला, शेजारचे दोन पुढच्या पायांना आणि चौथा पाठीला देता येतो. मधलं जाड टोक गेलं आणि शिंगही दुप्पट लांब झालं. पाय गमावून शिंग कमावलं.

या व्यवहाराचं टोकाचं रूप म्हणजे जपानचा पारंपरिक सिकाडा. कागद कर्णावर दुमडायचा. होणाऱ्या त्रिकोणाचं मधलं टोक वर ठेवून खालची दोन टोकं त्याच्यापर्यंत न्यायची. मग तीच दोन टोकं तिरपी खाली आणायची, हे पंख. वर उरलेल्या दोन थरांपैकी पुढचा खाली दुमडायचा. मागचाही दुमडायचा, पण बारीक पट्टी दिसेल इतपत वर ठेवून. शेवटी दोन्ही बाजू मागे वळवायच्या. पाय एकही नाही. तरी सिकाडा ओळखू येतो, कारण खऱ्या सिकाडाचेही पाय छपरासारख्या पंखांखाली झाकलेले असतात आणि डोळ्यांत भरतं ते रुंद डोकं. कुठला अवयव ओळख पटवतो, हे नेमकं हेरलेलं आहे.

टोकं कमी केली तरी दुसरी अडचण उरते, घड्यांच्या जातीची. ‘सिंक’ प्रकारात उभं शिखर आत दाबून बुडवायचं असतं, तर ‘कोलॅप्स’मध्ये डझनभर घड्या एकाच वेळी आत-बाहेर वळवायच्या असतात. ट्रीमेकर कागदावरच्या रेघांचा नकाशा देतो, पण कुठली घडी आधी आणि कुठली नंतर, हे सांगत नाही. तो क्रम माणसालाच शोधावा लागतो. ब्रिटिश ओरिगामीकार जॉन स्मिथ यांनी १९७०च्या दशकात ‘प्युअरलँड’ हा कडक नियमच घातला: एका वेळी एकच साधी घडी, आत किंवा बाहेर. नवशिके आणि हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. या नियमात बसवताना पुष्कळदा अख्खा पायाच बदलावा लागतो.

तिसरी अडचण खुणांची. घडी घालायची कुठून कुठे? संगणकाने काढलेली वर्तुळांची रचना काटकसरीची असते, पण तिचे बिंदू वेड्यावाकड्या जागी पडतात. त्यामुळे सोपी आवृत्ती करणारे थोडा कागद वाया घालवतात आणि रचना २२.५ अंशांच्या पटीत बसवतात. काटकोन दुमडला की ४५ अंश, तोच पुन्हा दुमडला की २२.५. कडेला कड लावत गेलं की रेघ आपोआप सापडते, पट्टी लागत नाही. लँग यांचा ‘रेफरन्सफाइंडर’ हा दुसरा प्रोग्रॅम तर हव्या त्या बिंदूच्या अगदी जवळ मोजक्या घड्यांत कसं पोचायचं, ते शोधून देतो. चूक पाव मिलिमीटरची असेल तर ती बोटांना जाणवतही नाही.

निव्वळ घड्यांतून किती भूमिती हाती लागते, हे आपल्याकडे फार पूर्वी दाखवून झालं आहे. टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक १८९३मध्ये मद्रासला निघालं. चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन, अष्टकोन, सगळं त्यात घड्यांतून येतं. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १९०१मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली.

हा सगळा खटाटोप छंदापुरता राहिलेला नाही. अंतराळात पाठवायची सौर पॅनलं रॉकेटात मावतील अशी घडी घालून न्यावी लागतात. कोर्यो मिउरा यांनी १९७०च्या सुमारास मांडलेली घडी समांतरभुज चौकोनांची आहे. तिचे समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की सगळी एका हालचालीत उलगडते. १९९५मध्ये सोडलेल्या जपानच्या ‘स्पेस फ्लायर युनिट’वर ती वापरून पाहिली गेली. पुढे नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी, ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आणि लँग यांनी मिळून २.७ मीटर व्यासाच्या गुंडाळीतून २५ मीटरपर्यंत पसरणाऱ्या पॅनलची रचना केली आणि तिचा एक-विसांश आकाराचा नमुना तयार केला. तिचं मूळ ओरिगामीतल्या ‘फ्लॅशर’ या गोल गुंडाळल्या जाणाऱ्या मॉडेलमध्ये आहे. पण पॅनल कागदासारखं पातळ नसतं, जाड असतं. म्हणून मूळ घड्या तशाच उचलता आल्या नाहीत. जाडीला जागा देण्यासाठी रचना नव्याने मांडावी लागली.

भुंगा असो वा पॅनल, सोप्या आवृत्तीची परीक्षा दोनच प्रश्नांत होते. मूळ वस्तूचं काम तिच्याकडून होतं का? आणि रचनाकार शेजारी नसताना ती जमते का? भुंगा शाळेतल्या पोराने एकट्याने घडवायचा असतो, पॅनलही कुणी मदतीला नसताना उलगडायचं असतं. दोन्हीकडे एक घडी कमी केली, की चुकण्याची एक जागा कमी होते. त्यामुळे रचनाकार अर्धाअधिक वेळ नव्या घड्या सुचवण्यात नव्हे, तर आहेत त्यांतली कुठली काढता येईल हे शोधण्यात घालवतो.