साखऱ्याच्या उन्हात लेकरांचे फोटो

सेनगाव तालुक्यातल्या आपल्या साखऱ्यात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या उन्हात लेकरांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि ती डोळे बारीक करतात. तेव्हा फोटो काढूच नका.

दुपारीच काढायचा असेल तर लेकराला ओसरीच्या कडेला, सावलीत पण अंगणाकडे तोंड करून बसवा. अंगणातलं ऊन जमिनीवरून उसळून चेहऱ्यावर मऊ पसरतं, डोळ्यांत चमक येते. लिंबाखालची सावली मात्र टाळा. पानांतून येणारे कवडसे गालावर पांढरे डाग पाडतात. वाळत घातलेल्या हळदीजवळ चेहऱ्यावर पिवळी झाक येते. मला ती फार आवडते, आपल्या भागाचा रंगच तो!

सगळ्यात सुंदर उजेड मावळतीआधीच्या तासाभराचा. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचलाच वावरात पोचा. सूर्य लेकराच्या पाठीशी ठेवा, मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे चेहरा काळा पडत नाही. केसांना सोनेरी कड येते. पळणाऱ्या लेकरासाठी शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. आणि उकिडवे बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा.