वजन-नियंत्रणातील प्रेरणा : स्वयं-बक्षीस आणि त्याग यांचे मानसशास्त्रीय विवेचन

गोषवारा

वजन कमी करण्याचा संकल्प अनेक जण करतात. परंतु तो काही आठवड्यांपलीकडे टिकवणे बहुतेकांना कठीण जाते. संकल्प टिकावा म्हणून व्यक्ती स्वतःला बक्षीस देते किंवा एखाद्या आवडत्या गोष्टीचा त्याग करते. या दोन्ही उपायांमागील मानसशास्त्रीय तत्त्वे, त्यांची उपयुक्तता व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. आधुनिक संशोधनाबरोबरच महाराष्ट्रातील व्रत, नेम व उपवास या परंपरांचाही या दृष्टीने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वजन-नियंत्रण, प्रेरणा, प्रबलन, स्वयं-बक्षीस, त्याग, व्रत, सवय.

प्रस्तावना

अतिरिक्त वजन हा आता केवळ श्रीमंत देशांचा किंवा सुखवस्तू कुटुंबांचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व २२.९ टक्के पुरुष यांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण अनुक्रमे २०.६ व १८.९ टक्के होते.

अध्यापन हा व्यवसायही यास अपवाद नाही. तासिका संपल्यानंतरचा बराचसा वेळ वाचन, उत्तरपत्रिका तपासणी, संगणकावरील अहवाल-लेखन व बैठका यांत बसूनच जातो. स्टाफरूममध्ये दिवसातून अनेकदा चहा होतो. वाढदिवस, पदोन्नती, पीएच.डी. मिळणे अशा प्रत्येक निमित्ताने पेढे व सामोसे येतात. आहार कसा असावा याची माहिती या वर्गाला नसते असे नाही. माहिती व आचरण यांत अंतर पडते आणि ते भरून काढण्याचे काम प्रेरणेला करावे लागते. म्हणून प्रेरणा कशी निर्माण होते, ती का ओसरते व कशी टिकवता येते हे समजून घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्ट कशास म्हणावे?

प्रेरणेचा विचार करण्यापूर्वी उद्दिष्ट निश्चित असावे लागते. केवळ वजनकाट्यावरील आकडा हे पुरेसे उद्दिष्ट नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्याबाबत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्याबाबत २१.२ टक्के होते. भारतीय व्यक्ती सडपातळ दिसूनही चरबीचे प्रमाण अधिक बाळगून असू शकते, हे यावरून स्पष्ट होते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा महत्त्वाची मानली जाते.

दुसरी बाब अधिक बोलकी आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००२) ७ टक्के वजनघट व आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांच्या भारतीय अभ्यासात (२००६) जीवनशैलीत बदल केलेल्या गटात ही घट २८.५ टक्के होती. विशेष म्हणजे या गटाच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालेली नव्हती. याचा अर्थ असा की, काटा हलला नाही तरी योग्य आहार व चालणे यांचे फळ शरीराला मिळत असते. शिवाय पाणी, मीठ व पचनक्रिया यांमुळे वजन रोजच्या रोज एखाद-दुसऱ्या किलोने कमी-अधिक होऊ शकते. अशा आकड्यावर उत्साह वा निराशा अवलंबून ठेवणे अयोग्य होय.

बक्षिसाचे कार्य

वर्तनानंतर सुखद परिणाम मिळाला तर ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ पासून मांडलेल्या साधक अभिसंधानाच्या सिद्धांतात या प्रक्रियेस 'प्रबलन' असे म्हटले जाते. प्रबलन जितके तत्काळ, तितके ते प्रभावी असते. वजन कमी करण्यातील मुख्य अडचण येथेच आहे. जिलेबीचे सुख तत्क्षणी मिळते. ती नाकारल्याचे फळ मात्र काही महिन्यांनी दिसते. दूरच्या मोठ्या लाभापेक्षा जवळचा लहान लाभ माणसाला मोठा वाटतो. स्वयं-बक्षिसाचा हेतू हे अंतर कमी करणे हा असतो. आजच्या संयमाला आजच किंवा या आठवड्यातच काहीतरी सुखद फळ जोडून देणे, हे त्याचे कार्य होय.

डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व यासंदर्भात उपयुक्त आहे. व्यक्ती जे वर्तन स्वतःहून वारंवार करते, ते कमी आवडणाऱ्या वर्तनाचे बक्षीस म्हणून वापरता येते. सायंकाळी वृत्तपत्रातील शब्दकोडे सोडविण्याची आवड असणाऱ्याने चालून आल्यावरच ते हाती घ्यावे, हे त्याचे साधे उदाहरण होय. जुनी नाट्यगीते किंवा एखादे श्राव्य पुस्तक केवळ चालतानाच ऐकायचे असे ठरविणे, हाही त्याच प्रकारचा उपाय आहे. यास पैसे लागत नाहीत आणि बक्षीस वर्तनालाच चिकटलेले राहते.

आर्थिक बक्षिसाचा परिणाम केव्हिन व्होल्प व सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथील प्रयोगात तपासला (२००८). ५७ सहभागींपुढे १६ आठवड्यांत १६ पौंड, म्हणजे सुमारे ७.३ किलो, वजन घटविण्याचे उद्दिष्ट होते. एका गटाला उद्दिष्ट गाठल्यास सोडतीत पैसे मिळण्याची संधी होती. दुसऱ्या गटातील व्यक्तींनी स्वतःचे पैसे अनामत ठेवले होते. उद्दिष्ट चुकल्यास ते गमवावे लागत. तिसऱ्या गटाला कोणतेही प्रलोभन नव्हते. सरासरी घट अनामत गटात १४ पौंड, सोडत गटात १३.१ पौंड आणि तिसऱ्या गटात केवळ ३.९ पौंड झाली. पहिल्या दोन गटांतील सुमारे निम्म्या व्यक्तींनी उद्दिष्ट गाठले, तर तिसऱ्या गटातील जेमतेम १० टक्के व्यक्तींनी.

बक्षिसाच्या मर्यादा

याच प्रयोगाचा उत्तरार्ध तितकाच विचारात घेण्याजोगा आहे. प्रलोभन बंद झाल्यावर, आरंभापासून सात महिन्यांनी पुन्हा मोजमाप केले असता बरेचसे वजन परतलेले आढळले आणि गटांमधील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. बक्षीस काम सुरू करून देते. परंतु केवळ बक्षिसावर उभे असलेले वर्तन बक्षिसाबरोबरच संपण्याचा धोका असतो.

एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगांत, आवडीने कोडी सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याबद्दल पैसे दिल्यावर त्यांची मूळची आवड घटल्याचे दिसून आले. मार्क लेपर व सहकाऱ्यांना (१९७३) चित्रे काढणाऱ्या बालकांबाबत असाच अनुभव आला. बक्षीस मिळेल असे आधी सांगून चित्रे काढून घेतलेली मुले पुढे स्वेच्छेने चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली. चालण्याचा मूळचा आनंद, हलके वाटणे, शांत झोप ही आंतरिक फळे बाह्य बक्षिसामुळे झाकोळली जाऊ नयेत, हा यातील बोध आहे.

दुसरी मर्यादा म्हणजे बक्षिसाची निवड. आठवडाभर पथ्य पाळल्याबद्दल रविवारी भरपेट मेजवानी करणारी व्यक्ती नकळत स्वतःला असे शिकविते की पथ्य ही शिक्षा आहे आणि तळलेले अन्न हे सुख. हिशेबाच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा ठरतो. अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा एका वडापावातील ऊर्जा अधिक असते. 'आज एवढे चाललो, आता हक्क आहे' या भावनेने केलेली भरपाई हे अनेकांचे वजन न घटण्याचे कारण असते. म्हणून बक्षीस खाण्याचे नसावे.

त्यागाची परंपरा व तिचे सामर्थ्य

त्यागाने संकल्पाला बळ देण्याची कल्पना मराठी समाजाला नवी नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात एखादा नेम धरण्याची, कांदा, लसूण, वांगे यांसारखे पदार्थ वर्ज्य करण्याची प्रथा आहे. काशीयात्रेत आवडती वस्तू कायमची सोडण्याचा प्रघातही परिचित आहे. या प्रथांचा हेतू धार्मिक आहे, वजन घटविण्याचा नाही. तरीही त्यांची रचना मानसशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आहे. काय सोडायचे ते नेमके ठरलेले असते. संकल्पाला आरंभ असतो आणि चातुर्मासासारख्या व्रताला निश्चित शेवटही असतो. घरातील मंडळींना नेम ठाऊक असल्याने आग्रह टळतो. शेवटी उद्यापनाने पूर्ततेचा आनंद साजरा होतो. 'आज खावे की न खावे' हा प्रश्नच रोज उपस्थित होत नाही, हा नेमाचा सर्वांत मोठा लाभ होय.

महात्मा गांधींनी १९१५ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी चोवीस तासांत पाचांपेक्षा अधिक पदार्थ न खाण्याचे व अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले. यजमानांवर पडणारा भार टाळणे व आत्मसंयम हे त्यामागील हेतू त्यांनी आत्मकथेत सांगितले आहेत. 'कमी खाईन' असा मोघम निश्चय न करता त्यांनी मोजता येईल अशी संख्या व वेळ ठरविली, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

त्यागाचे उलटे परिणाम

त्यागाचे स्वरूप चुकले तर तो निष्फळ ठरतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण लोकांनी अनुभवातूनच घडविली आहे. साबुदाणा जवळजवळ पूर्णतः पिष्टमय असतो; त्यात शेंगदाण्याचा कूट, बटाटा व तूप यांची भर पडते आणि सोबत तळलेले वेफर्स येतात. धान्य वर्ज्य झाले तरी ऊर्जा वर्ज्य होत नाही.

याहून गंभीर परिणाम मनावर होतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात संशोधन करणाऱ्या ॲलन मार्लट यांनी दाखवून दिले की, संपूर्ण वर्ज्यतेचा नियम एकदा मोडला की व्यक्ती तो प्रसंग किरकोळ चूक न मानता स्वतःच्या दुर्बलतेचा पुरावा मानते आणि मग संयम पूर्णच सुटतो. एक गुलाबजाम खाल्ल्याने होणारे नुकसान थोडे असते. 'आता मोडलेच आहे तर' म्हणून खाल्लेल्या पुढच्या चारांमुळे होणारे नुकसान अधिक असते. त्यात शरीराचाही विरोध असतो. वजन घटल्यावर भूक वाढविणारी व तृप्ती कमी करणारी संप्रेरकांची स्थिती वर्षभरानंतरही कायम राहते, असे २०११ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. त्यामुळे वजन परतणे हा चारित्र्याचा दोष मानता येत नाही. कठोर त्यागाने अपराधभाव वाढतो आणि अपराधभावाने पुन्हा खाणे वाढते, हे चक्र ओळखणे आवश्यक आहे.

बक्षीस व त्याग यांची सांगड

उपरोक्त विवेचनावरून काही व्यवहार्य सूत्रे हाती येतात.

१) त्याग लहान, नेमका व मुदतीचा असावा. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेणाऱ्या व्यक्तीच्या पोटात केवळ चहातून सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० किलोकॅलरी जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली अधिक लाभदायक मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे. एका सत्रापुरती चहातील साखर निम्मी करणे हा 'गोड पूर्ण बंद' या संकल्पापेक्षा टिकाऊ त्याग होय.

२) बक्षीस वजनाला नव्हे, वर्तनाला द्यावे. 'दोन किलो कमी झाल्यास' याऐवजी 'आठवड्यात पाच दिवस चालल्यास' ही अट व्यक्तीच्या हातात असते.

३) त्यागातूनच बक्षीस निर्माण करावे. रोजच्या सामोशाचे २० रुपये वेगळ्या डब्यात टाकल्यास २५ कामाच्या दिवसांत ५०० रुपये जमतात. त्यातून मनाजोगे पुस्तक घेता येते. सोडलेल्या गोष्टीला दृश्य रूप मिळाल्याने वंचिततेची भावना कमी होते.

४) साक्षीदार असावा. सहकाऱ्यासह चालणे किंवा घरी नेम सांगून ठेवणे यामुळे आग्रहाचे प्रसंग कमी होतात.

५) चुकीची तरतूद आधीच असावी. महिन्यातून दोन दिवस नियम शिथिल ठेवल्यास लग्नकार्यातील जेवण हा पराभव ठरत नाही.

६) बक्षिसे हळूहळू विरळ करावीत. लंडन येथील २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास मध्यमान ६६ दिवस लागले; व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस असू शकतो असे अनुमान निघाले. एखादा दिवस चुकल्याने या प्रक्रियेत मोठी बाधा आली नाही. तेव्हा दोन-तीन महिने बक्षिसाचा आधार घ्यावा आणि नंतर सवयीवर विसंबावे.

दक्षता

मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी, गर्भवती व स्तनदा मातांनी तसेच पूर्वी आहारविकृतीचा त्रास झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना कोणताही आहार-त्याग करू नये. थायरॉइडचे विकार वा काही औषधे यांमुळेही वजन वाढते. तेथे केवळ निश्चय पुरा पडत नाही. सेमॅग्लुटाइडसारखी औषधे २०२५ पासून भारतात वजन घटविण्यासाठी वैद्यकीय देखरेखीखाली उपलब्ध झाली आहेत. मात्र ती थांबविल्यावर घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वर्षभरात परत आल्याचे २०२२ मधील अभ्यासात दिसले. म्हणजेच औषध घेणाऱ्यासही सवयींचा प्रश्न टाळता येत नाही.

निष्कर्ष

बक्षीस व त्याग ही दोन्ही साधने आहेत, साध्य नव्हेत. बक्षीस दूरच्या फळाला जवळ आणते, तर त्याग रोजच्या निर्णयाचा भार हलका करतो. बक्षीस खाद्यरूप झाले किंवा कायमचे झाले तर ते मूळ हेतूलाच बाधा आणते. त्याग कठोर व अमर्याद झाला तर तो अपराधभावाला जन्म देतो. व्रताच्या परंपरेतील नेमकेपणा, मुदत व उद्यापन आणि आधुनिक मानसशास्त्रातील तत्काळ प्रबलन यांचा मेळ घातल्यास दोन्ही साधने परस्परपूरक ठरतात. आठवड्यातून पाच दिवस चालणारी व चहात निम्मी साखर घेणारी व्यक्ती, काट्यावरचा आकडा फारसा बदलला नाही तरी, आरोग्याच्या दृष्टीने योग्य मार्गावर असते. हे ज्यास पटले, त्यास पुढे बाह्य बक्षिसाची फारशी गरज उरत नाही.