भाषेचं उद्दिष्ट म्हणजे काय?

मागच्या वेळी आपण समता आणि सारखेपणा यांतला फरक पाहिला. आज तोच फरक प्राथमिक वर्गात नेऊन पाहू.

अमेरिकेत १९७४ साली 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्याचा निकाल लागला. सॅन फ्रान्सिस्कोतली चिनी भाषिक मुलं वर्गात बसत, पण इंग्रजी कळत नसे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सर्वांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही.

मग शिक्षकाने करायचं काय? पाठाची दोन उद्दिष्टं लिहायची. समजा, विषय आहे तरंगणं-बुडणं. आशयाचं उद्दिष्ट: कोणती वस्तू तरंगेल याचा अंदाज मूल करेल. भाषेचं उद्दिष्ट: तो अंदाज 'बिकॉज' वापरून सकारण सांगेल. 'पाच नवे शब्द शिकतील' ही झाली शब्दांची यादी. भाषेने मूल काय करणार, अंदाज, तुलना की वर्णन, हे ठरवलं पाहिजे.

नुकतंच आलेलं मूल वस्तू दाखवून 'फ्लोट', 'सिंक' एवढंच म्हणेल. दुसऱ्याला 'आय थिंक… बिकॉज…' असा अर्धा सांगाडा पुरेल. विचार तोच, आधार वेगवेगळा.

हे ठरवलं नाही, तर गप्प बसलेल्या मुलाला आपण 'ढ' ठरवून मोकळे होतो. त्याला उत्तर येत नव्हतं की वाक्य, हे तपासतच नाही. आपल्याकडच्या सेमी-इंग्रजी वर्गांतही हाच प्रश्न विचारायला हवा, नाही का?