नव्वद टक्के जुळलं, म्हणजे नेमकं काय जुळलं?

‘आता रेडिएशनचं सगळं एआयच करतं, डॉक्टर फक्त सही करतात. आणि ते नव्वद टक्के अचूक असतं!’ कोलकात्याच्या डमडम विमानतळावर उतरून राजारहाटच्या टाटा मेडिकल सेंटरकडे जाणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांपासून ते पुण्यातल्या आयटीवाल्यांपर्यंत सगळ्यांकडून हे वाक्य ऐकून आता कान किटले आहेत.

त्यात खरं काय, ते आधी सांगतो. डोक्या-मानेच्या किरणोपचाराआधी पेशंटला जाळीदार मुखवटा घालून सीटी स्कॅन काढतात. मग एकेका स्लाइसवर गाठ कुठे आणि वाचवायचे अवयव कुठे, याच्या रेषा आखतात. हे काम तासन् तास चालतं. सॉफ्टवेअर ते काही मिनिटांत करतं. डॉक्टरांचा वेळ वाचतो, याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो ‘नव्वद टक्क्यां’बद्दल. तज्ज्ञाने आखलेला आकार आणि यंत्राने आखलेला आकार एकमेकांवर किती बसतात, हे मोजणारा ‘डाइस’ नावाचा आकडा असतो. पूर्ण जुळले तर 1, अजिबात नाही तर 0; ‘नव्वद टक्के’ म्हणतात ते 0.9ला. आता गणित करून बघा. 40 मिलिमीटर रुंदीच्या अवयवाची रेषा 2 मिलिमीटर सरकली, तर डाइस 0.95. शाबासकी! तीच 2 मिलिमीटरची चूक 4 मिलिमीटर जाडीच्या मज्जातंतूत झाली, तर डाइस थेट 0.5. चूक तेवढीच, पण इथे अर्धा मज्जातंतू रेषेबाहेर गेला. सगळ्या अवयवांची सरासरी काढली की मोठे अवयव या बारक्यांना सहज झाकून टाकतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 2015 साली म्युनिकला वैद्यकीय प्रतिमांवरच्या ‘मिकाई’ परिषदेत अशा सॉफ्टवेअरची स्पर्धा झाली. जबड्याच्या हाडाला सर्वोत्तम गुण 0.9च्या वर मिळाले, तर दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात त्या ‘कायझ्मा’ला 0.6सुद्धा मिळाले नाहीत. त्यानंतर डीप लर्निंगने आकडे सुधारले, पण जबडा आणि कायझ्मा यांच्यातली दरी बुजली नाही. म्हणूनच डीपमाइंड आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या गटाने पृष्ठभागाच्या रेषेचा किती भाग ठरावीक मिलिमीटरच्या आत जुळतो, हे बघणारं वेगळं माप सुचवलं.

एवढा कीस कशाला काढायचा? नाक-घशाच्या मागच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. नागालँडमध्ये त्याचं प्रमाण देशाच्या तुलनेत फार जास्त आहे. गाठीला साधारण 35 बैठकांत 70 ग्रे डोस द्यायचा असतो. 2010च्या ‘क्वांटेक’ आढाव्यानुसार कायझ्माला 55 ग्रेपर्यंत दृष्टी जाण्याचा धोका अगदी कमी, 60च्या पुढे तो झपाट्याने वाढतो. 70 ग्रे घेणारी गाठ आणि 55च्या आत ठेवायचा कायझ्मा यांच्यामध्ये कधी कधी जागा असते जेमतेम काही मिलिमीटरची. तिथे ‘नव्वद टक्के’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय करावं?

मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याची, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससची, गोष्ट आणखी अवघड. साध्या सीटीत तो धड दिसतच नाही. डॉक्टर मानेतल्या स्केलीन स्नायूंमधली फट बघून, मणके मोजत त्याचा मार्ग आखतात. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची, ते ‘बरोबर उत्तर’ही अंदाजाचं! दोन तज्ज्ञांच्या रेषाही तंतोतंत जुळत नाहीत.

उरलेले गैरसमज झटपट. ‘एमआरआय काढला की सीटी नको’: मज्जातंतू एमआरआयमध्ये छान दिसतात, पण डोसचा हिशेब सहसा सीटीवरच होतो, म्हणून दोन्ही जुळवून बघावे लागतात. ‘मज्जातंतूला इजा झाली तर लगेच कळेल’: नाही, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही येतो. ‘बाहेरून किरण घेतले की माणूस किरणोत्सारी होतो’: होत नाही, नातवंडांना खुशाल जवळ घ्या. ‘कोलकात्याचं टाटा म्हणजे मुंबईच्या टाटाची शाखा’: परळचं टाटा मेमोरियल 1941चं, 1962पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, राजारहाटचं 2011चं, वेगळ्या ट्रस्टचं. ‘भारतात यावर काही होत नाही’: याच राजारहाटच्या केंद्राने आयआयटी खरगपूरसोबत ‘छवी’ हा कॅन्सर-प्रतिमांचा संग्रह उभारला आहे. आपल्याकडच्या पेशंटच्या प्रतिमांवर सॉफ्टवेअर पारखून घेण्यासाठी असा साठा लागतोच.

तेव्हा तुमच्या माणसाचा प्लॅन बनत असेल, तर ‘एआय वापरता का?’ हे विचारण्यात वेळ घालवू नका. डोळ्यांच्या आणि मानेच्या मज्जातंतूंच्या रेषा कोणत्या डॉक्टरांनी स्लाइसगणिक तपासल्या, एमआरआय जुळवून पाहिला का, आणि त्या मज्जातंतूंना जास्तीत जास्त किती ग्रे जाणार आहेत, हे विचारा.